सातूची वडी, डब्यातलं बिस्कीट

प्रयोगशाळेत मी चक्कर येऊन पडले तेव्हा माझ्या हातात काचेची परीक्षानळी होती. शुद्धीवर आल्यावर मी आधी नळीचीच चौकशी केली. ती फुटली होती. नळी फोडली म्हणून आता मला कॉलेजातून काढतील, असं वाटून मी रडायला लागले. कॉलेजातून काढण्याची गोष्ट निघाली खरी, पण ती निराळ्या कारणानं, आणि कॉलेजात नाही तर आमच्या घरी.

साठ सालानंतरची पहिली एक-दोन वर्षं असतील. मी पी.यू.सी.ला होते, म्हणजे शाळा संपल्यावरच्या आणि पदवीच्या आधीच्या वर्गात. आम्ही तिरुवैयारूला राहत होतो आणि कॉलेज तंजावूरला होतं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझे वडील, त्यांना मी अण्णा म्हणत असे, आठवीपर्यंत शिकले होते आणि तंजावूरच्या बस स्टँडवर टाइमकीपर होते. आईला तमिळ वाचता येई. देवनागरी वाचणारी घरात एकटी आत्याच, अण्णांची थोरली बहीण. ती लहान वयात विधवा होऊन माहेरी आली होती आणि घरातलं देवधर्माचं सगळं तिच्या हाती होतं. मला ही अक्षरं तिनंच शिकवली, पोथीच्या ओळीवर माझं बोट धरून. त्यामुळे पुढं तिच्याविषयी काही कमीजास्त लिहिलं गेलं, तर ते तिच्याच अक्षरांत लिहिते आहे हे मला विसरता येत नाही.

माझा दिवस असा असे. पहाटे आंघोळ, मग पेलाभर कॉफी, आणि पावणेसातची बस. जेवणाचा डबा आई मागाहून दहाच्या बसच्या कंडक्टरकडे देई. अण्णा तो स्टँडवर उतरवून घेत आणि एक वाजता मी तिथं चालत जाऊन त्यांच्या खोलीत बसून जेवत असे. यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. उलट बसमधून माझा डबा येतो, याची मैत्रिणींना गंमत वाटे.

पडले त्या दिवशी मला कॉलेजजवळच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. अण्णाही स्टँडवरून आले, कानामागची पेन्सिल तशीच. डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, आणि नीट खातेस ना, असं विचारलं. मी हो म्हटलं. मला ते खरंच वाटत होतं. मग त्या अण्णांकडे वळून तमिळमध्ये म्हणाल्या, "उडंबिल सत्ते इल्लै." अंगात सत्तु नाही. सत्तु असलेलं काही खायला द्या आणि महिन्यानं पुन्हा दाखवायला आणा. तमिळमध्ये सत्तु म्हणजे कस, पोषण, अन्नातला जोर.

संध्याकाळी घरी अण्णांनी हे आत्याला आमच्या मराठीत सांगितलं. आमची मराठी म्हणजे तंजावूरकडे पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी घरांची, जुन्या शब्दांत तमिळ शब्द कालवलेले. कोणता शब्द कुठला हे बोलणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. अण्णा म्हणाले, "अक्का, पोरीच्या अंगात सत्तु नाही म्हणून सांगितलं. सत्तु द्यायला पाहिजे."

आत्याला उजव्या कानानं कमी ऐकू येई. तिनं विचारलं, "सातू?"

"हो, तेच," अण्णा म्हणाले. त्यांचं लक्ष बहुतेक माझ्या फुटलेल्या कोपराकडे होतं.

सातू म्हणजे भाजलेल्या धान्याचं पीठ, आमच्या घरी क्वचित व्रताला होणारं. आत्यानं निकाल दिला. डॉक्टरीण शहाणी दिसते. सातू देऊ, महिनाभर देऊ. पण त्यातूनही पोर पुन्हा पडली तर कॉलेज पुरे. परक्या गावात, परक्या लोकांपुढं मुलीनं जमिनीवर पडून राहायचं आणि कोणी तरी तिला उचलायचं, हे एकदा झालं ते पुष्कळ झालं.

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मला घरी आणताना ते फार घाबरले होते, म्हणून हलवली असेल. पण ती हललेली मान पाहिल्यावर मला कळलं की माझ्याकडे आता एक महिना आहे.

सत्तु आणि सातू यांची गफलत माझ्या तेव्हाच ध्यानात आली होती. आईच्याही आली असणार, कारण तिनं चटकन माझ्याकडे पाहिलं. विहिरीवर भांडी घासताना मी तिला म्हटलं, आत्याला सांगायला हवं, डॉक्टरीण सातू म्हणाली नव्हती. आई म्हणाली, "असू दे." मी म्हटलं, अगं पण ते चूक आहे. ती म्हणाली, "चूक आहे तर आहे. तू बोलू नकोस." आणि तिनं पाणी ओतलं. मला ते आवडलं नाही. शाळेत मी चुकीचं उत्तर चुकूनही तसं राहू देत नसे.

दुसऱ्या दिवशी आत्यानं जातं धुऊन उन्हात ठेवलं. गहू, हरभऱ्याची डाळ, मूग आणि थोडे तांदूळ तिनं निरनिराळे भाजले, प्रत्येकाचा वास बदलेपर्यंत. दळताना त्यात सुंठ आणि वेलदोडा गेला. नुसतं पीठ बसमध्ये कसं न्यायचं, म्हणून वड्या थापायचं ठरलं. पाक तिनं पाण्यात केला नाही. दुधाचा हबका मारून गूळ वितळवला, पाण्याचा थेंब न लावता, म्हणजे बसमध्ये नेलं तरी विटाळ नाही. पाक जरा पुढं गेला. वड्या इतक्या कठीण झाल्या की पहिली वडी मी दाढेखाली धरून बसले आणि काही घडेना. आई हसली. आत्या म्हणाली, "औषध आहे ते. मऊ कशाला असायला पाहिजे?"

औषध म्हटल्यामुळं ते कधी घ्यायचं हेही तिनंच ठरवलं. पहाटे आंघोळ झाल्याबरोबर, अनशापोटी. रोज साडेपाचला ती ओल्या लुगड्यातच, सोवळ्यात मला शिवू नये म्हणून, माझ्या तळहातावर वरून एक वडी टाकी, आणि मी ती कॉफीबरोबर कुरतडू लागे. बस निघाली तरी ती संपलेली नसे. तिरुवैयारूहून तंजावूरला जाताना कावेरी धरून पाच नद्या लागतात. माझी वडी साधारण चौथ्या पुलावर संपायची.

आठवडा गेला आणि अण्णा एक डबा घेऊन आले. पत्र्याचा, वर एका गुबगुबीत मुलाचं चित्र आणि चारी बाजूंनी इंग्रजी मजकूर. आत बिस्किटं. कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं आता असलं खायला हवं, असं स्टँडवरच्या कोणी तरी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी मला डबा फिरवून फिरवून सगळं मोठ्यानं वाचायला लावलं. जीवनसत्त्वं हा शब्द आला तेव्हा त्यांनी मला थांबवून तो पुन्हा म्हणायला लावला.

आत्यानं डबा स्वयंपाकघरात येऊ दिला नाही. कोणाच्या हातचं, कोणत्या पाण्याचं, काय ठाऊक. मग डबा बाहेर तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, भिंतीतल्या कोनाड्यात राहू लागला.

"यंत्रात केलेलं आहे, अक्का," अण्णा म्हणाले. "कोणाचा हातच लागत नाही त्याला."

"मग त्याला चव कोणाची?"

"डब्यावर लिहिलेलं आहे आत काय काय आहे ते. तुझ्या वडीवर काय लिहिलं आहे?"

"माझी वडी खाणाऱ्याला वाचावं लागत नाही," आत्या म्हणाली.

असं त्यांचं रोज चाले. भांडण म्हणता येणार नाही. दोघांनाही त्यात मजा वाटू लागली होती. मी दोन्ही खात होते, पहाटे वडी आणि दुपारी चारला परतीच्या बसची वाट पाहत दोन बिस्किटं. पुन्हा पडले नव्हते. तोंडावर जरा टवटवी आली आहे, असं आई म्हणे. अण्णा म्हणत, बिस्किटं. आत्या म्हणे, सातू. शेवटी एका रविवारी अण्णा म्हणाले की आपण कशाला वाद घालायचा, घरात रसायन शिकणारी मुलगी आहे. तीच सांगेल घरचं चांगलं की दुकानातलं. आत्याही म्हणाली, सांगू दे.

दोघं माझ्याकडे पाहत होती. माझ्या मताला कोणी थांबून राहावं असं त्याआधी कधी झालं नव्हतं. मला काहीच ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नाही असं म्हणायला मला लाज वाटली, कारण मग कॉलेजात जाऊन मी शिकते तरी काय, हा प्रश्न आलाच असता, आणि त्या महिन्यात तो प्रश्न मला परवडणारा नव्हता. मी म्हटलं, तपासून सांगते.

सोमवारी मी एक वडी आणि एक बिस्कीट वहीच्या कागदात गुंडाळून प्रयोगशाळेत नेलं. प्रात्यक्षिकाच्या बाई कडक होत्या. आमच्याशी तमिळमध्येही फार बोलत नसत. मी चाचरत परवानगी मागितली, आणि का हवी तेही सगळं सांगून टाकलं, कारण अर्धवट सांगायला मला जमत नाही. त्यांनी कपाटाची किल्ली पुढं केली.

बिस्कीट बोटांनी चुरलं. वडी खलात घालून मी कुटू लागले तर खलच टेबलावरून सरकायला लागला. दोन मुली तो धरायला आल्या. तिसरीनं विचारलं, हे कोणत्या डोंगराचं खनिज? मी कानापर्यंत लाल झाले, तरी कुटत राहिले.

आयोडिनचा थेंब टाकला. दोन्ही काळंनिळं झालं. म्हणजे दोन्हीत पिष्ट. साखर ओळखायचं निळं द्रावण घालून उकळलं. वडीच्या नळीत भरपूर विटकरी साका आला, बिस्किटाच्या नळीत थोडा. प्रथिनं ओळखायच्या नत्राम्लानं वडी जास्त पिवळी झाली, ते डाळीमुळं असावं. मी सगळं वहीत लिहून काढलं. निळा, विटकरी, पिवळा. लिहून झाल्यावर मी त्या तीन रंगांकडे पाहत बसले. यातला चांगला रंग कोणता, हे पुस्तकात कुठंही दिलेलं नव्हतं.

बाई मागं येऊन उभ्या राहिल्या. हे पदार्थ कशाचे आहेत ते तुला कळलं, त्या म्हणाल्या. पण तू का पडलीस ते या नळ्यांना कसं ठाऊक असणार? मग त्यांनी विचारलं, सकाळी काय खातेस?

"आता वडी खाते."

"पडलीस तेव्हा?"

"कॉफी."

"मी खाण्याचं विचारते आहे."

तेव्हा मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे देवपूजा होऊन नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्नाचा कण तोंडात घालत नाहीत. आत्याची पूजा संपायला नऊ वाजतात. कॉफीला ते लागू नाही. का नाही, हे मला सांगता आलं नाही; कॉफीला आमच्या बाजूला कोणत्याच घरी ते लागू नव्हतं. बाई बोटांवर मोजू लागल्या. पहाटेपासून एक वाजेपर्यंत, आणि त्याच्या मधोमध प्रयोगशाळेत तीन तास उभं राहणं. त्यांना फार मोजावं लागलं नाही. जाता जाता त्या एवढंच म्हणाल्या की तपासायचंच असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदल. वेळ तीच ठेव आणि पदार्थांची अदलाबदल कर.

घरी गेल्यावर आई तांदूळ निवडत होती. मी तिच्यापुढं बसले आणि म्हटलं, "तुला ठाऊक होतं."

ती खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "मी या घरात आले तेव्हा पंधरा वर्षांची होते. मीही पडले होते. दोनदा, विहिरीपाशी. तेव्हा मला कोणी डॉक्टरिणीकडे नेलं नाही."

मी विचारलं, मग आत्याला का नाही सांगितलंस?

"काय सांगू? औषध म्हणून देते आहे तोवर पहाटे देते आहे. अन्न म्हटलं की थांबेल."

आईला मी तोवर भित्री समजत होते. त्या दिवसानंतर तसं समजायचं सोडून दिलं.

पण बाईंनी सांगितलेली अदलाबदल करायची हे माझ्या मनानं घेतलं होतं. अण्णांना आणि आत्याला तपासून सांगते असं म्हटलं होतं, आणि अर्धंच तपासून सांगणं मला पटेना. पुढचा आठवडाभर आत्यानं हातावर टाकलेली वडी मी पिशवीत ठेवली, तिण्णैवर येऊन कोनाड्यातली चार बिस्किटं खाल्ली, आणि वडी दुपारी चारला खायची असं ठरवलं. आत्याला न सांगता हे केलं, हे चुकलंच. त्या वेळी मला वाटलं, सांगितलं तर प्रयोगच होणार नाही.

काय झालं ते जसंच्या तसं सांगते. बिस्किटं खाऊनही मी पडले नाही. पण साडेदहाच्या सुमाराला पोटात कालवायला लागे आणि फळ्यावरची अक्षरं जरा पातळ दिसत. वडी खाल्ली की बारापर्यंत काही वाटत नसे. हे डाळीमुळं होतं, की एक वडी चावायला चार नद्या लागत म्हणून होतं, ते मला वेगळं काढता आलं नाही. गोड म्हणाल तर वडीच जास्त गोड होती. डब्यावरच्या जीवनसत्त्वांचं काय होत होतं ते मला दिसण्यासारखं नव्हतं. मी एवढंच लिहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी आत्यानं माझी पिशवी धुवायला म्हणून उलटी केली. त्यातून तीन वड्या पडल्या. चारला खायच्या म्हणून ठेवलेल्या. तीन दिवस बस लवकर आली आणि त्या राहून गेल्या होत्या. तिनं त्या उचलून तिण्णैवर ओळीनं मांडल्या. अण्णा नुकतेच येऊन पाय धूत होते. आई दारात आली.

"औषध टाकलंस तू," आत्या म्हणाली.

"टाकलं नाही. सकाळी नको, संध्याकाळी खाऊ म्हणून..."

"अनशापोटी घ्यायचं औषध संध्याकाळी?"

तेव्हा काही तरी थाप मारता आली असती. विसरले म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण महिना संपायला आठ-दहा दिवस उरले होते, आणि माझ्या मनात आलं की औषध म्हणून महिना निभावला तरी पुढं काय? महिना झाला, औषध संपलं, की मी पुन्हा कॉफी पिऊन बसमध्ये बसणार. आणि पुन्हा पडणार. पडले की कॉलेज संपलं. मी खांब धरला.

"आत्या, ते औषध नाही," मी म्हटलं. "डॉक्टरीणबाई सातू म्हणाल्या नव्हत्या. सत्तु म्हणाल्या. तमिळ सत्तु. पोथीत सत्त्व म्हणून येतं, तेच ते."

सत्त्व म्हणजे काय हे आत्याला समजावून सांगावं लागणार नव्हतं. ते तिनंच मला समजावून सांगितलं होतं.

"मग ही वडी..."

"वडी म्हणजे अन्नच. चांगलं अन्न आहे. बिस्किटानंही मी पडले नाही, वडीनंही पडले नाही. पडले ती उपाशी गेले म्हणून. पूजा होईपर्यंत खायचं नाही म्हणून उपाशी गेले. कॉलेजमुळं नाही पडले." मग माझ्या तोंडून ते निघून गेलं, जे मी घरात कोणापुढं कधी बोलले नव्हते. "मला कॉलेज सोडायचं नाही."

आत्या वड्यांकडे पाहत होती. "म्हणजे इतके दिवस मी माझ्या हातानं तुला देवाआधी खायला घातलं," ती म्हणाली. तिनं ते विचारलं नव्हतं, पण मी हो म्हटलं.

मग तिनं दाराकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली नाही. ती म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, वन्सं."

अण्णा हातात तांब्या धरून उभे होते. ते म्हणाले, चूक माझी, अक्कानं सातू का विचारलं तेव्हा मीच हो म्हटलं. त्यांचं कोणी ऐकलं नाही.

शनिवारी आणि रविवारी आत्या कोणाशी बोलली नाही. शनिवारी तिनं उपास केला. रविवारी तिनं देवघरातली सगळी तांब्याची भांडी काढून घासली, ती मागच्या आठवड्यातच घासलेली होती. वडीचा डबा फळीवर होता तिथंच होता. मला वाईट वाटत होतं, पण बोललेलं परत घ्यावं असं वाटत नव्हतं. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे मला तेव्हा नवीन होतं. मी मनाशी ठरवलं की सोमवारपासून तिण्णैवर बसून उघडपणे बिस्किटं खाऊन जायचं. ती रागावली तर रागावू दे. पण उपाशी बसमध्ये चढायचं नाही.

सोमवारी साडेपाचला मी आंघोळ करून आले तर देवघरात घंटा वाजत होती. मला वाटलं घड्याळ चुकलं. आई चुलीपुढं होती आणि तिच्या पुढ्यात झाकलेलं पातेलं होतं. ती खुणेनं थांब म्हणाली. थोड्या वेळानं आत्या नैवेद्याची वाटी घेऊन बाहेर आली. डोळे लाल, केसांतून पाणी ठिबकत होतं. ती साडेतीनला उठून कावेरीवर जाऊन आली होती. घाटावर तेव्हा ती एकटीच असणार.

"देव झाले," ती आईला म्हणाली. "वाढ तिला."

ऊन ऊन उप्पुमा होता, वर तुपाची धार. मी जेवताना ती समोर बसली नाही, पण जवळपासच वावरत राहिली. नियम तिनं कणभरही मोडला नव्हता. फक्त नऊची पूजा सहाच्या आत आणली होती. इतक्या वर्षांत असं करता येईल हे कोणाच्या डोक्यात का आलं नाही, हा विचार मी तेव्हा केला नाही. तेव्हा मला भूक लागली होती. आईच्या डोक्यात मात्र तो आला असावा. ती दुसऱ्यांदा वाढायला आली तेव्हा तिचा हात ताटावर जरा वेळ तसाच थांबला.

निघताना आत्यानं वडी हातात दिली, वरून टाकली नाही, दिली. "आता बसमध्ये खा," ती म्हणाली.

अण्णांना त्यांचा निकाल हवाच होता. मी तो एका संध्याकाळी दोघांना सांगितला. वडी जास्त वेळ पुरते. तिच्यात डाळ आहे आणि कोंडा आहे. बिस्कीट वाईट नाही, पण त्यात मैदा जास्त आणि ते लवकर जिरतं. कोणतं आरोग्याला चांगलं हे मला नक्की सांगता येत नाही, कारण मी माझ्या एकटीवरच आणि थोडेच दिवस तपासलं. पण दोन्हींपेक्षा वेळेवर खाणं मोठं, एवढं नक्की. अण्णा हिरमुसले. त्यांना एक कोणी तरी जिंकायला हवं होतं. पुढं त्या डब्यातली उरलेली बिस्किटं त्यांनीच स्टँडवर नेऊन चहात बुडवून खाल्ली, आणि आत्यानं वड्यांचा पाक मात्र जरा अलीकडे उतरवायला सुरुवात केली. माझ्या दाढेनं ते मान्य केलं.

महिना भरला तेव्हा अण्णा मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी पुन्हा पापणी ओढून पाहिली आणि बरी आहे म्हणाल्या. काय देता, असं विचारलं. अण्णांनी एका दमात सगळं सांगितलं, त्यातलं निम्मं बाईंना कळलं नसावं. डॉक्टरिणीचा निकाल झाला होता. घरचा राहिला होता.

आत्या तिण्णैवर भिंतीला टेकून बसली होती. हल्ली दुपारनंतर तिचे डोळे मिटत, आणि मिटले की ती लगेच उघडून आजूबाजूला पाही, कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून. अण्णा तिच्याजवळ बसले. तिच्या डाव्या कानाशी वाकून त्यांनी स्पष्ट आणि सावकाश विचारलं की महिना झाला, मुलगी पडली नाही, तर आता कॉलेजचं काय ठरवायचं.

तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी फार बावळट काही विचारलं होतं.

"पहाटे साडेतीनला उठते आहे मी," ती म्हणाली. "सगळ्या गावाआधी. आणि आता कॉलेज बंद करायचं?"